सुभेदारी संपली, पुढे काय? बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ निवृत्तीनंतर सरकारी बांधकाम खात्यात काय करत होते?

चंद्रपूर किंवा गडचिरोलीतला एखादा जवान फौजेतून निवृत्त होऊन गावी येतो, तेव्हा त्याचं वय काय असतं? साधारण पस्तीस ते चाळीस. म्हणजे ज्या वयात इतरांची नोकरी कुठे स्थिरावते, त्या वयात याची पहिली नोकरी संपलेली असते. पेन्शन असते, पण पोरांची शाळा, घराचं बांधकाम, आईवडिलांचं आजारपण हे सगळं त्या पेन्शनमध्ये बसत नाही. मग शोध सुरू होतो. कोळसा खाणीत सुरक्षारक्षकाची जागा आहे का? वीज केंद्रात काही निघालंय का? भद्रावतीच्या आयुध निर्माणीत? वनरक्षकाच्या भरतीत माजी सैनिकांसाठी किती जागा आहेत? थोडे पैसे आणि चार मित्र असतील तर एखादा सरकारी ठेका घेता येईल का?

हा शोध आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एक सुभेदार अशाच शोधात होते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या हजारो घरांत त्यांच्या मुलाचा फोटो लावलेला असतो. पण त्यांच्याबद्दल बहुतेकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात, एक म्हणजे ते फौजेत होते आणि दुसरी म्हणजे ते कबीरपंथी होते.

त्यांचं नाव रामजी मालोजी सकपाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील.

फौजेतून बाहेर पडल्यावर रामजींनी सरकारी बांधकाम खात्यात स्टोअरकीपर म्हणून नोकरी धरली. पुढे दुष्काळी कामावर ते कॅशियर झाले. बाबासाहेबांच्या चरित्रात हा भाग दोन-चार ओळींत उरकला जातो. माजी सैनिकाच्या बाजूने पाहिलं तर मात्र तिथेच थांबून बघण्यासारखं बरंच काही आहे.

फौजेने काय दिलं?

रामजींचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजीही फौजेत होते. रामजींची पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातली, आणि त्यांचं माहेरही फौजी. कोकणातली कितीतरी महार कुटुंबं त्या काळी अशी पिढ्यानपिढ्या बॉम्बे आर्मीत होती.

गावात राहिलं तर वतनाची कामं, वेशीबाहेरचं घर आणि शाळेचं दार बंद. फौजेत गेलं तर पगार, बढती आणि शाळा. यातली शाळा सगळ्यात महत्त्वाची. बॉम्बे आर्मीत पलटणींच्या शाळा चालायच्या. सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना तिथे शिकता यायचं. त्या शाळांना मास्तर लागायचे, ते तयार करण्यासाठी नॉर्मल स्कूल होतं. रामजी पुण्यात मास्तरकीचं शिक्षण घेऊन बाहेर पडले, आणि पुढे चौदा वर्षं त्यांनी लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून काम केलं.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. रामजी फौजेतून बाहेर पडले ते नुसते बंदूक चालवणारे शिपाई म्हणून नाही. त्यांना इंग्रजी येत होतं, हिशेब येत होता, नोंदवही कशी ठेवायची ते माहीत होतं, आणि हाताखालच्या माणसांकडून काम करून घ्यायची सवय होती. आजच्या भाषेत सांगायचं तर बायोडेटा भक्कम होता.

रामजी सुभेदार झाले. हिंदी माणसाला तेव्हा फौजेत जिथवर पोचता यायचं, त्याच्या अगदी जवळची ही पायरी. त्याच्या वर सुभेदार मेजर, आणि त्यापुढे फक्त गोरे अधिकारी. कितीही लायक असला तरी हिंदी सैनिक ती रेषा ओलांडू शकत नव्हता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत या दांपत्याला चौदावं अपत्य झालं. तेच भीमराव. मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना रामजी निवृत्त झाले. पेन्शन महिना ५० रुपये.

आणि मागून दार बंद झालं

रामजी बाहेर पडत होते त्याच सुमारास सरकारने एक निर्णय घेतला. महारांची फौजेत भरती थांबवली.

कारण काय? तर तेव्हाचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या विचाराच्या अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या जातींची लढाऊ आणि बिगरलढाऊ अशी वाटणी केली होती. पंजाबी, पठाण, गुरखा हे लढाऊ. दक्षिणेतले आणि पश्चिमेतले बरेच समाज त्या यादीतून खाली घसरले. पलटणी जातवार बांधायच्या ठरल्या आणि महारांसाठी पलटणच उरली नाही. ज्यांच्या आज्यांनी आणि बापांनी कंपनी सरकारसाठी लढाया मारल्या होत्या, त्यांच्या नातवांना भरतीच्या रांगेत उभं राहता येईना.

वरवर पाहिलं तर हा फक्त भरतीचा प्रश्न वाटतो. पण फौजेची नोकरी गेली की पलटणीची शाळा गेली. शाळा गेली की इंग्रजी आणि हिशेब गेला. तो गेला की निवृत्तीनंतर सरकारी कचेरीत मिळू शकणारी जागाही गेली. रामजींना जी शिडी मिळाली होती ती पुढच्या पिढीसाठी काढून घेतली गेली.

रामजी गप्प बसले नाहीत. धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात नोंद आहे की भरतीबंदीविरुद्धचा अर्ज तयार करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेतली. याच काळात दापोलीला राहणारे दुसरे एक निवृत्त फौजी, गोपाळबाबा वलंगकर, हेही याच कामात होते. वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त झाले होते. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी नावाची संस्था काढली आणि १८९४ मध्ये लष्करी भरतीसाठी सरकारकडे अर्ज तयार केला.

म्हणजे बघा, अस्पृश्यांच्या हक्कांसाठी सरकारदरबारी अर्ज करणारी ही सुरुवातीची माणसं माजी सैनिक होती. त्यांना लिहिता येत होतं, सरकारी भाषा कळत होती, आणि आपण या सरकारची चाकरी केली आहे हे ठणकावून सांगता येत होतं.

निर्णय मात्र बदलला नाही.

दापोलीहून साताऱ्याला

निवृत्तीनंतर रामजी दापोलीला आले. दापोलीला आजही लोक कॅम्प दापोली म्हणतात, तिथे फौजेतल्या पेन्शनरांची वस्ती होती. पण ५० रुपयांत मोठं कुटुंब चालवणं कठीण होतं आणि मुलांच्या शिक्षणाचं काय, हा प्रश्न होताच. काही दिवसांनी त्यांनी साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची जागा मिळवली.

आता हा स्टोअरकीपर म्हणजे नेमका कोण? बांधकाम खात्याचं कुठलंही काम घ्या. रस्ता असो, पूल असो की तलाव. कामावर कुदळी, फावडी, पहारी, घमेली लागतात. चुना, लाकूड, दोरखंड लागतात. हा माल येतो, वापरला जातो, मोडतो, हरवतो आणि चोरीलाही जातो. किती आला, कुणाला दिला, किती परत आला, शिल्लक किती, हे ज्याच्या वहीवरून कळतं तो स्टोअरकीपर. साहेब फिरतीवर असतो, ठेकेदार बदलतात, मजूर तर रोज बदलतात. माल मात्र एका माणसाच्या जबाबदारीवर असतो. वही आणि कोठार यांचा मेळ बसला नाही तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

अशा जागेवर साहेबाला कसा माणूस हवा असतो? लिहितावाचता, शिस्तीचा, दारू न पिणारा, हात स्वच्छ असलेला. रामजी कबीरपंथी होते, मांस-मद्यापासून दूर राहणारे. चौदा वर्षं त्यांनी शाळा चालवली होती. हा माणूस त्या खुर्चीत चपखल बसत होता.

माजी सैनिकांच्या नोकरीबद्दल आजही आपल्याकडे एक ठरलेलं चित्र आहे. फौजी म्हणजे गेटवर उभा राहणारा वॉचमन. माझ्या मते त्यातून त्याच्या हातात असलेल्या इतर कामांचा अपमानच होतो. फौजेत कुणी भांडार सांभाळतो, कुणी गाड्या, कुणी रुग्णालय, कुणी वायरलेस. रामजींना बंदुकीमुळे नाही, वहीमुळे नोकरी मिळाली.

साताऱ्यात आल्यावर थोड्याच काळात भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. चौदा मुलांतली बरीचशी आधीच दगावली होती. रामजींची बहीण मीराबाई घरी राहायला आली आणि मुलांना तिने सांभाळलं. रामजी पहाटे उठून मुलांकडून अभंग आणि कबीराचे दोहे म्हणवून घेत. अभ्यासही स्वतः घेत. हेडमास्तर नोकरीतून निवृत्त झाले होते, घरात नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बांधकाम खात्याच्या नोकरीसाठी रामजी साताऱ्याला आले नसते तर ही तारीखही वेगळी असती आणि गावही.

दुष्काळ, तलाव आणि कॅशियर

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ तीन वर्षांच्या अंतराने आले. मुंबई इलाखा होरपळला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, तोही यातून सुटला नाही. लोकांनी गावं सोडली, गुरं मेली, माणसं रस्त्यावर पडली.

सरकारकडे यासाठी दुष्काळ संहिता नावाची नियमावली होती. तिचा गाभा असा की धडधाकट माणसाला फुकट धान्य द्यायचं नाही, त्याला काम द्यायचं आणि मजुरी द्यायची. कामं कुठली? खडी फोडणं, रस्ते बांधणं, तलाव खोदणं. ही कामं बांधकाम खात्याकडे असायची. मजुरी धान्याच्या भावाशी आणि केलेल्या कामाच्या मापाशी बांधलेली असायची. माप कमी भरलं तर पैसे कमी. पुढे महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली, तिची आठवण यावी असा हा प्रकार. फरक इतकाच की तेव्हा हमी हा हक्क नव्हता, जगण्याचा शेवटचा उपाय होता.

साताऱ्याच्या पूर्वेकडचा खटाव तालुका आधीच कमी पावसाचा. तिथल्या गोरेगावला सरकारने दुष्काळग्रस्तांना काम म्हणून तलाव बांधायला घेतला. रामजी त्या कामावर कॅशियर होते.

स्टोअरकीपरच्या हाती माल असतो, कॅशियरच्या हाती रोकड. दुष्काळी कामावर त्या रोकडीचा अर्थ वेगळाच होता. समोर रांगेत उभ्या असलेल्या बाईला आज पैसे मिळाले तर संध्याकाळी चूल पेटणार, नाहीतर नाही. तिथे अफरातफर करायला वाव भरपूर असतो. हजेरीपटावर खोटी नावं लावायची, मापात मारायचं, सुटे नाहीत म्हणून आणा-दोन आणे ठेवून घ्यायचे. अशा ठिकाणी सरकारने एका निवृत्त महार सुभेदाराला पेटीजवळ बसवलं होतं.

आणि नेमकं इथेच या गोष्टीचं दुसरं टोक आहे.

साल १९०१. रामजी गोरेगावला एकटे राहत होते, मुलं साताऱ्याला आत्याकडे होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना भेटायला बोलावलं. मुलं हरखून गेली. भीमराव, त्यांचा भाऊ आणि मोठ्या बहिणीची दोन मुलं. नवे इंग्रजी पद्धतीचे सदरे शिवले, जरीच्या टोप्या घेतल्या, रेशीमकाठी धोतरं घेतली. पहिल्यांदाच आगगाडीत बसायचं होतं. सातारा ते मसूर असा प्रवास. मसूर स्टेशनवर वडील किंवा त्यांचा माणूस न्यायला येणार होता.

कुणीच आलं नाही. स्टेशन रिकामं झालं. स्टेशनमास्तर विचारपूस करायला आला. कपड्यांवरून मुलं चांगल्या घरातली, बहुधा ब्राह्मणांची, असं त्याला वाटलं असावं. आम्ही महार आहोत हे कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. काही वेळाने परत येऊन त्याने बैलगाडीची सोय करायचा प्रयत्न केला, पण एकही गाडीवान तयार होईना. विटाळ कोण घेणार? शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या अटीवर.

रात्र पडली. मुलांकडे जेवण होतं, पाणी नव्हतं. वाटेत जकात नाक्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरीही मिळालं नाही. चार मुलं भरलेल्या डब्याशेजारी उपाशी आणि तहानलेली झोपली. दुसऱ्या दिवशी कशीबशी गोरेगावला पोचली तेव्हा रामजी चकित झाले. मुलांचं पत्र आलं होतं, पण नोकराने ते त्यांना दिलंच नव्हतं.

बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. तो वाचताना आपलं सगळं लक्ष त्या मुलांकडे जातं, जायलाच हवं. पण एकदा तो बापाच्या बाजूनेही वाचून बघा. आयुष्यभर सरकारची चाकरी केलेला माणूस. छावणीत असताना लोक त्याला सुभेदार म्हणून ओळखत, त्याच्यासमोर शिपाई सलाम ठोकत. आता तो दुसऱ्या सरकारी खात्याची रोकड सांभाळतोय. त्याच्या पगारातून टोप्या आल्या, धोतरं आली, आगगाडीचं तिकीट आलं. तरीही त्याच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्याच सरकारच्या नाक्यावर घोटभर पाणी मिळालं नाही.

छावणीतलं जग आणि बाहेरचं जग यांत केवढं अंतर होतं, ते या एका प्रवासात दिसतं. छावणीत जात पूर्ण गळून पडत होती असं नाही. पण तिथे हुद्द्याला वजन होतं. सुभेदाराचा मुलगा म्हणून भीमरावांना पलटणीच्या हद्दीत कुणी पाणी नाकारलं नसतं. बाहेर आल्यावर बांधकाम खात्याच्या नोकरीने पैसा दिला, वजन दिलं नाही.

परळची खोली आणि पेन्शनची तारीख

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या वस्तीत बिऱ्हाड थाटलं. रामजींनी दुसरं लग्न केलं होतं, ते भीमरावांना आवडलं नव्हतं. बांधकाम खात्याची नोकरी आता मागे पडली होती आणि हातात उरली ती पेन्शन.

त्या पेन्शनवर रामजींनी एल्फिन्स्टन हायस्कूलची फी भरली आणि मुलाचा पुस्तकांचा नाद पुरवला. पैसे संपले की ते मुंबईतच दिलेल्या धाकट्या मुलीकडे जात. तिच्याकडे नसले तर मोठीकडे. मुलीचा एखादा दागिना घेऊन तो मारवाड्याकडे गहाण टाकत, त्या पैशातून पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून मुलीला परत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ज्या घरात महिन्याच्या तारखेवर नजर ठेवून खर्च होतो, त्या घराला हे वेगळं सांगायला नको.

खोली इतकी लहान की सगळे झोपल्याशिवाय अभ्यासाला जागा नसायची. म्हणून भीमराव संध्याकाळी लवकर झोपत, रामजी जागे राहत आणि रात्री दोनला मुलाला उठवून मग स्वतः आडवे होत. पहारा बदलावा तसं.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. कॉलेजची दोन वर्षं निघाली आणि रामजींची ऐपत संपली. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. सुभेदाराच्या पेन्शनच्या बरोबर निम्मी रक्कम.

पदवी झाल्यावर भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. जागा कुठली? तर संस्थानाच्या फौजेत लेफ्टनंट. ज्या हुद्द्याचं दार ब्रिटिशांच्या फौजेत रामजींसाठी कधी उघडलंच नाही, तो हुद्दा मुलाच्या नावापुढे लागला होता. पण काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. भीमराव निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. परळला पोचले तेव्हा रामजींचे शेवटचे क्षण होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. डोक्यावर कर्ज होतं.

मग त्या बंद दाराचं काय झालं?

रामजी हयात असतानाच, १९१० मध्ये, पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. मागण्या साध्या होत्या, सरकारी खात्यांतल्या खालच्या जागा, पोलीस आणि फौज. वलंगकर आणि रामजींनी सुरू केलेली अर्जांची साखळी तुटली नव्हती.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. लढाईपुरतं बोलवायचं आणि नंतर घरी पाठवायचं. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा विषय लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तेव्हाच्या मजूर खात्याकडे फक्त कामगारांचे प्रश्न नव्हते. केंद्र सरकारचं सार्वजनिक बांधकाम खातंही त्याच खात्याखाली होतं. साताऱ्याच्या बांधकाम खात्यातल्या स्टोअरकीपरचा मुलगा आता देशाच्या बांधकाम खात्याचा मंत्री होता.

१९४५ मध्ये युद्ध संपत आलं आणि रामजींचा प्रश्न एकदम लाखोंच्या संख्येने समोर आला. हिंदी फौजेत तेव्हा २५ लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवायचं होतं. शिवाय युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले कामगार वेगळेच. एवढी माणसं गावोगावी परतल्यावर करणार काय? जुलै १९४५ मध्ये मजूर खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय सुरू झालं. काम असं की सुटणाऱ्या सैनिकाची नोंद घ्यायची, त्याला काय येतं ते पाहायचं, गरज असेल तर तांत्रिक शिक्षण द्यायचं आणि जिथे जागा आहे तिथे त्याचं नाव पाठवायचं. त्यासाठी ठिकठिकाणी रोजगार विनिमय केंद्रं काढली.

हे महासंचालनालय एकट्या बाबासाहेबांच्या डोक्यातून निघालं असं म्हणणं बरोबर होणार नाही. युद्धोत्तर पुनर्वसनाची आखणी अनेक खात्यांत चालू होती. पण ते त्यांच्या खात्यात उभं राहिलं आणि त्यावर त्यांची जबाबदारी होती. आपला बाप फौजेतून सुटल्यावर दापोली, सातारा, गोरेगाव, परळ असा कसा फिरला हे ज्याने लहानपणी पाहिलं होतं, त्याच्या टेबलावर ही फाईल होती, हा योगायोग मला तरी लहान वाटत नाही.

फाळणीनंतर या केंद्रांवर निर्वासितांचं काम आलं. १९४८ च्या सुरुवातीला ती सगळ्याच बेरोजगारांसाठी खुली झाली. आपल्या आधीच्या पिढीने ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये कार्ड काढलं आणि वर्षानुवर्षं नूतनीकरण करत राहिली, ते मुळात फौजेतून सुटलेल्यांसाठी उघडलेलं होतं.

आज चंद्रपूर-गडचिरोलीत

आज माजी सैनिकांसाठी वेगळी यंत्रणा आहे. संरक्षण मंत्रालयाखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे, राज्यात सैनिक कल्याण विभाग आणि त्याची जिल्हा कार्यालयं आहेत. केंद्र सरकारच्या गट क च्या जागांत माजी सैनिकांसाठी १० टक्के, तर राज्याच्या गट क आणि गट ड च्या जागांत १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे ते प्रत्येक प्रवर्गाच्या आतून मोजलं जातं, त्यामुळे अर्ज भरताना प्रवर्ग आणि माजी सैनिक अशा दोन्ही रकान्यांत नोंद लागते. एक रकाना सुटला तर दावा अडतो.

नोकरीशिवाय दुसरा रस्ता ठेक्याचा. निवृत्त अधिकाऱ्यांच्या सुरक्षा एजन्सींना पुनर्वसन महासंचालनालय मान्यता देतं आणि सरकारी कंपन्यांना त्यांची नावं सुचवतं. कोल इंडियाच्या कंपन्यांमध्ये कोळसा भरणं आणि वाहून नेणं यासाठी माजी सैनिकांच्या कंपन्यांची योजना आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाचीच उपकंपनी. राज्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सरकारी आस्थापनांना सुरक्षारक्षक पुरवतं.

कागदावर हे बरंच आहे. अडचण अंतराची आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण सिरोंच्याहून गडचिरोली शहर गाठायचं तर आजही दोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. कोळसा खाणी, वीज केंद्र आणि आयुध निर्माणी हे सगळं चंद्रपूरच्या बाजूला आहे. भामरागड किंवा एटापल्लीच्या जवानासाठी सरकारी नोकरी म्हणजे वन खातं, पोलीस आणि शाळा, एवढंच जवळ असतं. ठेका घ्यायचा तर नोंदणी, अनामत रक्कम, ई-निविदा आणि बिल निघेपर्यंत पदरचं भांडवल लागतं. रामजींना इंग्रजी आणि हिशेब पलटणीच्या शाळेत मिळाला होता, तसं निविदेचं शिक्षण मात्र बहुतेक जवानांना सेवेत असताना मिळत नाही. निवृत्तीच्या आधी पुनर्वसन प्रशिक्षण घेण्याची सोय आहे. कुठला अभ्यासक्रम निवडायचा याचा विचार शेवटच्या दोन महिन्यांत नाही, शेवटच्या दोन वर्षांत करायला हवा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चंद्रपूरला आले. दरवर्षी त्या तारखांना चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दी होते. गर्दीत समता सैनिक दलाचे स्वयंसेवक असतात, आणि छातीवर पदकं लावून आलेले महार रेजिमेंटचे पेन्शनरही.